एका चोरीचे दोन चोर

डंकन हार्टली फाटक ढकलून आत आला, तेव्हा लोपेती भर उन्हात पायरीवर बसून केके खात होता. घरात पंखा गरगरत होता, टीव्हीवर कुणीतरी हुंदके देत होतं आणि दोन बायका त्यावर खदखदून हसत होत्या. बाहेर मात्र हा एवढा थोरला माणूस घामाघूम होऊन एकटाच तळलेले गोळे मटकावत बसला होता.

"मी नंतर येऊ का?" डंकनने आवाज खाली करून विचारलं. "आत काही भांडण झालंय का?"

"भांडण? छे हो. बहीण आलीये माझी."

"मग तुम्ही बाहेर का?"

"आलीये ना ती! मालिका बघतायत दोघी." लोपेतीने ताट पुढे केलं. "घ्या, गरम आहेत."

डंकनला काही कळलं नाही. यात न कळण्यासारखं काय आहे, ते लोपेतीला कळलं नाही. आमच्या बेटावर, नुकुआलोफात, येऊन जेमतेम सहा महिने झालेल्या माणसाचं असंच होतं.

हिंगानो ताउफा कोण, हे आमच्या गावात कुणी विचारत नाही. बंदरावरच्या कस्टममध्ये तिची उमर गेली. पेटी न उघडता आत काय आहे ते ती ओळखायची, असं लोक म्हणतात. ती स्वतः म्हणते की पेटीकडे न बघता पेटीवाल्याकडे बघायचं असतं. नोकरी सुटल्यावर तिने खाजगी तपासाचं काम सुरू केलं. नवरा लोपेती तिची गाडी चालवतो आणि कुणी विचारलं नाही तरी मत देतो.

नणंद मागच्या दाराने गेली, तेव्हा कुठे लोपेती आत आला आणि डंकनला बसायला खुर्ची मिळाली.

"माझ्या कंपनीतून चार पेट्या नाहीशा झाल्यात," डंकन म्हणाला. "आम्ही बेटांवरच्या दवाखान्यांना सामान पाठवतो, तुम्हाला माहीतच आहे. या पेट्या हापाईतल्या एका लहान बेटावरच्या नर्सकडे जायच्या होत्या. बाळंतपणाचं सामान. दोन बायकांचे दिवस भरत आलेत तिथे. आज संध्याकाळची बोट चुकली तर पुढची कधी, देव जाणे."

"स्टोअरची किल्ली कुणाकडे?"

"एकट्या कालिसीकडे. म्हणून तर! आज बोट सुटेपर्यंत पेट्या मिळाल्या नाहीत, तर मी तिला पोलिसांत देणार. ऑकलंडहून हुकूमच आहे तसा."

लोपेतीच्या हातातला गोळा हातातच राहिला. कालिसीला सगळं गाव ओळखत होतं. चर्चच्या गायनात पुढच्या रांगेत उभी राहणारी बाई ती. पोलिसांच्या गाडीत बसलेली एकदा दिसली, की पुढे निर्दोष सुटली काय आणि न सुटली काय, गावात तोंड दाखवणं मुश्किल.

"पेट्या दिल्याची नोंद असेल ना?" हिंगानोने विचारलं.

"तेच तर कोडं आहे! शुक्रवारी आम्ही नवी सिस्टिम सुरू केली. भिंतीवर मोठा पडदा. ऑर्डर आली की पडद्यावर वस्तूचं चित्र येतं, घंटा वाजते. स्टोअरवाल्याने 'दिलं' दाबायचं, पाठवणी करणाऱ्याने 'मिळालं' दाबायचं. दोघांनी दाबेपर्यंत चित्र हलत नाही आणि घंटा थांबत नाही. कालिसीने 'दिलं' दाबलं. पाठवणीच्या पेनिसिमानीने 'मिळालं' दाबलं. पडदा हिरवा झाला. आणि काल बोटीचा माल लावायला घेतला, तर पेट्याच नाहीत!"

"शुक्रवारी सुरू केलीत. शिकवली कधी?"

"शुक्रवारीच. सकाळी."

"आणि त्याआधी काम कसं चालायचं, हे कुणाला विचारलं होतंत?"

"विचारायचं काय त्यात? ऑकलंडच्या ऑफिसात हीच चालते. आराखडा तिथूनच करून आला." डंकन जरा चिडला. "बाई, सिस्टिम उत्तम आहे. माणसं चोर निघाली तर सिस्टिम काय करणार?"

हिंगानोने पर्स उचलली. "चला, तुमचा पडदा बघू."

•

ऑफिस धक्क्याजवळच होतं. पूर्वी तिथे तीन अंधाऱ्या खोल्या होत्या. आता भिंती पाडून एकच लांबलचक दालन केलेलं. समोर सिनेमागृहात शोभेल एवढा पडदा, निळे शर्ट घातलेली माणसं आणि चकचकीत पांढरी टेबलं.

लाल फरशीच्या मधोमध एक लांब चौकोन तेवढा गडद होता. बाकीची फरशी पावलांनी झिजून फिकट पडलेली.

"इथे काय होतं?" हिंगानोने विचारलं.

"विकाचं टेबल. भलं मोठं लाकडी धूड होतं. शनिवारी चर्चच्या हॉलला देऊन टाकलं."

"आणि विका?"

"तिला शुक्रवारीच मोकळं केलं. ऐका, खोटं वाटेल तुम्हाला. ती बाई स्टोअर आणि पाठवणी यांच्या मधे बसायची आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायची. बस्स! एवढ्याचा पगार! आता पडदा सांगतो."

हिंगानो 'हं' म्हणाली.

दालनात दोनच माणसं निळ्या शर्टात नव्हती. एक कालिसी, पन्नाशीची, काळ्या कपड्यांत. दुसरा पेनिसिमानी, तिच्याहून थोडा लहान, तोही काळ्या कपड्यांत. कमरेला चटई तर आमच्याकडे कामावर सगळेच बांधतात, पण या दोघांच्या चटया गुडघ्याखाली लोंबणाऱ्या, जुन्या, कडा फाटून झिरमिळ्या झालेल्या होत्या. सुतकातली चटई अशीच असते. गेलेलं माणूस जितकं मानाचं आणि आपण त्याच्यापुढे जितके लहान, तितकी चटई मोठी आणि फाटकी.

"यांना काय सांगू मी?" डंकन कुजबुजला. "नवे शर्ट दिले, तर काळं घालून येतात. सिस्टिम लावायच्या आठवड्यातच दोघांनी एकाच दिवशी रजा टाकली. आणि त्यातून एकमेकांशी धड बोलत नाहीत! म्हणून मी मुद्दाम त्यांची टेबलं समोरासमोर लावली. म्हटलं, बोलतील."

ते काही बोलत नव्हते. कालिसीने खुर्ची आडवी फिरवून भिंतीकडे तोंड केलं होतं. पेनिसिमानीने टेबलावर रिकामी खोकी रचून छातीएवढी भिंत उभारली होती.

"पक्कं वैर दिसतंय," लोपेती बायकोच्या कानात म्हणाला.

"शुक्रवारी पडद्यावर नेमकं काय दिसलं होतं?" हिंगानोने विचारलं.

"दाखवतो ना!"

"अहो, दाखवू नका, नुसतं सां—"

डंकनने बटण दाबलंसुद्धा. घंटा घणघणली आणि भिंतभर चित्र आलं. कळा सोसणारी बाई, गुडघे वर घेतलेली, बाजूला सुईण, आणि खाली एकेका वस्तूचं नाव टपोऱ्या अक्षरांत.

दालनातल्या बायकांनी माना खाली घातल्या. कालिसीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पेनिसिमानी उठला, त्याची खोकी धडाधड खाली पडली, आणि तो मागच्या दाराने जवळजवळ पळतच बाहेर गेला.

"बघितलंत?" डंकन विजयी मुद्रेने म्हणाला. "पेट्यांचं नाव काढलं की दोघांचे चेहरे बघा! अपराधी माणूस असाच दिसतो."

"बंद करा ते आधी," हिंगानो म्हणाली. तिचा आवाज चढला, म्हणजे तो काही साधा प्रसंग नव्हता.

•

कालिसीला ती स्टोअरमध्ये घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. लोपेती दाराशी उभा राहिला.

"कोण गेलं गं?" हिंगानोने तिच्या चटईकडे बघून विचारलं.

"आत्या. कोलोवाईची." कालिसीचे डोळे भरले. "शुक्रवारी दुपारीच निघून गेले मी तिकडे. काल आले, तर हे."

"पेट्या तू दिल्यास?"

"दिल्या."

"कुणाच्या हातात?"

कालिसी चटईची झिरमिळी बोटाला गुंडाळू लागली.

"कशा नेल्यास, ते तरी सांग."

"चादरीत गुंडाळून. उघड्या कशा नेणार, ताई? वर नावं छापलेली असतात." तिने नाक पुसलं. "पडदा हिरवा झाला ना? मग पोचल्या. मला आणखी काही विचारू नका."

"पेनिसिमानी म्हणतो त्याच्याकडे पेट्या नाहीत. म्हणजे तो खोटं बोलतोय."

कालिसीने एकदम मान वर केली. "त्याचं नाव घेऊ नका. त्याने काही केलेलं नाही. मी घेतल्या पेट्या. मी विकल्या. लिहून घ्या आणि संपवा एकदाचं."

"कुणाला विकल्यास?"

"आठवत नाही."

"अगं, चार दिवसांत विसरलीस?"

"विसरले!" कालिसी म्हणाली आणि पाठ फिरवून कोपऱ्यातल्या रिकाम्या पेट्या आवरू लागली.

बाहेर आल्यावर लोपेतीने कपाळाचा घाम पुसला. "कबूल झाली बिचारी. मला वाटलं नव्हतं."

"अजून एक राहिलाय," हिंगानो म्हणाली.

पेनिसिमानी धक्क्यावर दोरांच्या भेंडोळ्यावर बसला होता. हिंगानोला बघून उठला, पण नजर वर उचलेना.

"पेट्या मिळाल्या म्हणून बटण तू दाबलंस?"

"दाबलं."

"मिळाल्या होत्या?"

"पडद्यावर आहे ना तसं."

"पडद्याचं सोड. कालिसी म्हणते तिने दिल्या. तुला मिळाल्या नसतील तर चोर ती ठरते, आणि संध्याकाळी पोलीस—"

"मी चोरल्या," पेनिसिमानी म्हणाला.

लोपेतीचा आ वासला तो वासलाच.

"तू?" हिंगानो शांतपणे म्हणाली. "मग सांग बघू, पेट्या केवढ्या होत्या?"

पेनिसिमानीने थोडा विचार केला. मग दोन्ही हातांनी हवेत माप दाखवलं. बुटाच्या खोक्याएवढं.

"काय केलंस त्यांचं?"

"समुद्रात टाकल्या."

"का रे?"

"मनात आलं, टाकल्या." त्याने पाठ फिरवली. "तिला सोडा म्हणावं साहेबाला. ती बाई चोरी करणारी नाही. मीच केली."

गाडीत बसल्यावर लोपेतीने किल्ली फिरवलीच नाही. "आता बोला! चोरी एक आणि चोर दोन. एक म्हणते विकल्या, एक म्हणतो बुडवल्या. मी सांगू? त्याचं तिच्याशी वैर आहे. पेट्या त्याने लपवल्या, तिच्यावर आळ यावा म्हणून. आता पोलिसांचं नाव ऐकून टरकला."

"वैर असतं तर आळ आल्यावर तो खूश झाला असता. तो तर आळ हिसकावून घेतोय स्वतःकडे."

"मग ती का कबूल झाली?"

"तेच मी विचार करतेय. आणि त्या पेट्या केवढ्या आहेत, पाहिलंस का? स्टोअरमध्ये तसल्याच दोन रिकाम्या पडल्या होत्या. पावाच्या क्रेटएवढ्या."

"तो म्हणाला बुटाच्या..."

"हं. बाजाराकडे घे."

•

विका तालामाहू बाजारात बहिणीच्या गाळ्यावर अननस विकत होती. विकत होती म्हणजे, गिऱ्हाइकावर ओरडत होती. हिंगानोने डंकनचं नाव काढताच तिने हातातला सुरा फळीवर आपटला.

"मला काय विचारता? मी तर त्या ऑफिसात काही करतच नव्हते! साहेबाने तोंडावर सांगितलं तसं. इतकी वर्षं मी काय केलं, तर म्हणे नुसत्या बाता!"

"काय करायचीस?"

"बाताच की! इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. कुठली गोष्ट मोठ्याने सांगायची, कुठली नाही, हे मला कळतं, त्या पडद्याला कळतं का? सगळ्या गोष्टी काय चारचौघांत नाव घेऊन सांगायच्या असतात?" तिने अननसाची एक फोड हिंगानोच्या हातात कोंबली. "खा. आणि माझं टेबल! माझ्या काकाने घडवलेलं होतं ते, मुद्दाम त्या ऑफिससाठी. खाली कपाट, दोन्ही बाजूंना दारं. स्टोअरकडून माल आत टाका, मी हाक मारली की पाठवणीकडून काढा. कुणी कुणाच्या पुढ्यात यायला नको. असलं टेबल ऑकलंडला तरी आहे का?"

"शुक्रवारी तुझ्या टेबलात काय होतं?"

"मला काय माहीत? सकाळी साहेबाने केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, पगार वाढवतोय! बाहेर आले ती थेट घरी. टेबलाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, रडायला आलं असतं. माझी पिशवी खुर्चीवर राहिली, ती भाचीने संध्याकाळी आणून दिली."

"लोकांना वाटतंय, रागाच्या भरात पेट्या तू पळवल्यास."

"मला काही पळवायचंच असतं तर तो पडदा पळवला असता आणि समुद्रात बुडवला असता!"

लोपेतीला हे इतकं पटलं की त्याने चार अननस विकत घेतले.

हिंगानो फोड हातात धरून उभी होती. रस मनगटावरून ओघळत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. मग ती एकदम हसली.

"विका, गाळा बहिणीला सांभाळू दे आणि तू चल आमच्याबरोबर. लोपेती, आधी ऑफिसला. डंकनला घे. कालिसीला पुढच्या सीटवर बसव. पेनिसिमानीला सांग, त्याच्या ट्रकमधून ये. एका गाडीत बसवू नकोस दोघांना."

"का? मारामारी करतील?"

"करणार नाहीत. तू फक्त सांगते तसं कर."

•

चर्चचा हॉल दुपारी रिकामाच होता. विकाचं टेबल भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, वर गाण्याच्या पुस्तकांच्या चळती. विकाने आत पाऊल टाकताच जाऊन त्याच्यावरून हात फिरवला.

हिंगानोने कालिसीला टेबलाजवळच्या बाकावर बसवलं, विकाला तिच्या शेजारी. पेनिसिमानीला तिने खिडकीबाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. ऐकू येईल, पण दिसणार नाही असं.

"हे काय चाललंय?" डंकन घड्याळाकडे बघत म्हणाला. "बोट सुटायला आली. दोघांनी कबुली दिलीय म्हणता, मग पेट्या कुठायत ते त्यांनाच विचारा ना!"

"ते त्यांना माहीत नाही. तीच तर यातली गंमत आहे. बसा."

डंकन बसला.

"पेनिसिमानीने पेट्या चोरल्या नाहीत, कारण त्याने त्या कधी पाहिल्याच नाहीत. मी माप विचारलं तर त्याने अंदाजाने दाखवलं, तेही पार चुकलेलं. म्हणजे त्याला पेट्या मिळाल्या नव्हत्या, तरी त्याने 'मिळालं' दाबलं. का? कालिसीने मात्र पेट्या खरंच स्टोअरबाहेर नेल्या. चादरीत गुंडाळून नेल्या, हे ती चटकन बोलून गेली. विकायच्या असत्या तर कुणाला विकल्या याची गोष्ट रचून ठेवली असती. म्हणजे माल तिच्याकडून निघाला आणि त्याच्याकडे पोचला नाही. दोघंही खोटं बोलतायत, पण चोर कुणीच नाही. मग खोटं कशासाठी?"

"कशासाठी?" लोपेतीने विचारलं.

"एकमेकांसाठी. दोघंही सुतकात आहेत. दोघांनी रजा एकाच दिवशी घेतली. दोघांच्या चटया सारख्याच मोठ्या, सारख्याच फाटक्या. कालिसीची आत्या गेलीय. आत्यापुढे भाच्यांइतकं लहान कुणी नसतं आमच्याकडे. त्याचीही तीच आत्या. लग्नामुळे कालिसीचं आडनाव बदललं म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही, पण हे दोघं दोन भावांची मुलं आहेत."

"चुलत भावंडं?" डंकन म्हणाला. "मग एवढं वैर?"

"आम्ही चुलत म्हणत नाही. तो भाऊ, ती बहीण. आणि मोठं झाल्यावर भावाने बहिणीपासून अंतर ठेवायचं असतं. एका खोलीत टीव्ही बघायचा नाही, थट्टामस्करी करायची नाही. आणि बाईमाणसाच्या ज्या गोष्टी असतात, त्यांचा तर उच्चारही भावासमोर करायचा नाही. तुम्हाला ते वैर दिसलं. तो मान आहे, डंकन. सकाळी आमच्या पायरीवर उन्हात कोण बसलं होतं?"

लोपेतीने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अरे देवा! माझ्याच नाकासमोर!"

"तुझ्या नाकासमोर केके होते," हिंगानो म्हणाली. "आता शुक्रवारची सकाळ बघा. इतकी वर्षं या दोघांच्या मधे दोन भिंती होत्या, एक टेबल होतं आणि एक विका होती. तुम्ही भिंती पाडल्या, विकाला केबिनमध्ये बोलावलं आणि बटण दाबलं. घंटा वाजली. भिंतभर ते चित्र."

"कोणतं? बाळंतप—"

लोपेती एवढ्या जोरात खोकला की गाण्याची दोन पुस्तकं खाली पडली.

"तेच चित्र," हिंगानो म्हणाली. "बहीण समोर, भाऊ समोर, सगळं ऑफिस बघतंय. दोघांनी दाबेपर्यंत ते जाणार नाही. तुम्हीच सांगितलंत मला. पेनिसिमानीला माल मिळाला नव्हता, पण ते चित्र जायला हवं होतं. त्याने डोळे मिटून बटण दाबलं. माल नेहमीच्या वाटेने येईलच, विका हाक मारेलच, असं त्याला वाटलं."

खिडकीबाहेर ओट्यावर पाय हलल्याचा आवाज आला.

"आणि कालिसीनेही नेहमीचंच केलं. चादरीत गुंडाळलेला माल विकाच्या टेबलात ठेवला. खुर्चीवर विकाची पिशवी होती, म्हणजे बाई इथेच कुठे असेल. पडदा हिरवा झाला, म्हणजे त्याला मिळाला. ती निश्चिंतपणे कोलोवाईला गेली. विका केबिनमधून थेट घरी गेली, तिने हाक मारलीच नाही. आणि शनिवारी तुम्ही टेबल दान करून टाकलंत."

डंकन हळूहळू टेबलाकडे वळला.

"काल आळ आला, तेव्हा कालिसीला वाटलं, भावाला मिळूनही तो नाही म्हणतोय. त्याला वाटलं, बहिणीने दिल्याच नाहीत. आपण खरं बोललो तर दुसरा चोर ठरतो. म्हणून दोघंही चोर झाले." हिंगानोने विकाला मान हलवून खूण केली. "उघड, बाई. टेबल तुझं आहे."

विकाने खाली बसून लाकडी खिट्टी फिरवली. दार करकरलं. आत फुलाफुलांच्या चादरींत बांधलेली चार मोठाली गाठोडी एकावर एक बसली होती.

कालिसीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. विकाने तिला जवळ घेतलं आणि डंकनकडे असं बघितलं, की तो उठून उभाच राहिला.

"मला कुणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला. तो खरोखर कळवळून विचारत होता, हे कबूल केलं पाहिजे.

"सांगायचं काम करणारी एकच बाई होती तुमच्याकडे," हिंगानो म्हणाली. "तिलाच तुम्ही घालवलंत."

डंकनचे कान लाल झाले. "विकाबाई, तुम्ही सोमवारपासून..."

"उद्यापासून," विका म्हणाली. "आणि टेबल आधी येईल, मग मी येईन. पाद्रीबुवांशी तुम्ही बोला. चर्चला दिलेलं परत कसं मागतात, ते मला बघायचंच आहे. आणि तो पडदा माझ्या पाठीमागे लावा, मला दिसता कामा नये."

•

बोटीचा भोंगा एकदा वाजून गेला होता. पेनिसिमानीने ट्रक थेट धक्क्याच्या टोकापर्यंत नेला. गाठोडी न सोडता, तशीच चादरींसकट, त्याने एकेक करून खलाशांच्या हातात दिली. डंकन स्वतः फळीवर उभा राहून ओरडत होता, "सांभाळून! सांभाळून!" खलाशी त्याला हसत होते.

कालिसी लांब, हिंगानोच्या गाडीत बसून होती. दोर सुटले, बोट मागे सरकली, तेव्हा तिने काच खाली केली.

"ताई, एक काम कराल? त्याला विचाराल?"

"काय?"

"खरंच वाटलं का त्याला, मी चोरी केली म्हणून?"

हिंगानो धक्क्यावरून चालत गेली. पेनिसिमानी ट्रकच्या फळीला टेकून बोटीकडे बघत होता. तिने प्रश्न सांगितला.

"सांगा तिला," तो म्हणाला, "हो, वाटलं. वाटलं, काहीतरी मोठी अडचण असेल, त्याशिवाय ती असं करणार नाही. मग म्हटलं, असू दे. चोर तर चोर, माझी बहीण आहे. तुरुंगात मी जाईन."

"हे सगळं सांगू?"

"सगळं सांगा."

हिंगानो परत आली आणि तिने सगळं सांगितलं. कालिसी आधी हसली. मग कमरेची ती फाटकी चटई दोन्ही हातांनी उचलून तिने तोंडावर घेतली आणि लहान मुलीसारखी रडली. लोपेतीने तोंड फिरवलं आणि उगाच गाडीचा आरसा पुसू लागला.

"त्याला सांगा," चटईआडून ती म्हणाली, "मलाही तो चोर वाटला होता. आणि मीही हेच म्हटलं होतं."

हिंगानो पुन्हा धक्क्याच्या टोकाकडे चालू लागली.